पोटखराब

तेहतीस फुटांची लोखंडी साखळी मी पाहिली
ती तालुक्याच्या कपाटातच, गंज चढलेली.
आता माझ्या खांद्यावर काठी असते, काठीवर पांढरं टोपण,
आभाळातले दहाबारा उपग्रह एकदम बोलतात
आणि जांभळमोह्याचा धुरा कुठून जातो ते सांगतात,
दोन सेंटिमीटर इकडं तिकडं.
माणसं अजून पावलांनीच बोलतात.

विश्वंभर म्हणतो, ह्या धुऱ्यावरून आज्याची बैलगाडी जायची.
चुलतभाऊ ऐकतो, बोराटीकडं थुंकतो.
मी मोजला. सव्वा हात.
दरसाल एक तास ह्या अंगानं, एक तास त्या अंगानं,
कुणी नेला म्हणावं तर कुणीच नाही.
कुसळी गेली, घोरपडीचं बीळ गेलं,
बोराटीची मुळं उघडी पडली वाऱ्यावर.
सातबाऱ्यावर दोघांचं क्षेत्र
होतं तेवढंच आहे.

ओघळ, खडक, पायवाट, मसणवट्याचा कोपरा,
जिथं नांगर चालत नाही
त्याला आमच्या कागदात पोटखराब म्हणतात.
शब्द कुणी काढला ठाऊक नाही.
जेवलेल्या माणसानं काढला असावा.

दुपारी गायरानात गेलो. गट नंबर एकशे बेचाळीस.
सौरऊर्जेची कंपनी यायची होती,
चुन्याच्या खुणा मारायच्या होत्या.
सोजरबाई गालफाडे तुरीतून बाहेर आली, हातात विळा तसाच.
वय विचारलं तर म्हणाली,
"बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होते, धरा हिशोब."

चार एकर.
नवऱ्यानं आणि तिनं वेचलेले दगड
उत्तरेच्या कडेला रचलेले, पुरुषभर उंच.
"मपलं रान," म्हणाली
आणि लगेच मागं वळून पाहिलं, कुणी ऐकलं का ते.

पुरावा?
नातू पळत गेला, युरियाच्या पिशवीत गुंडाळलेलं बंडल घेऊन आला.
अतिक्रमण केले म्हणून दंड, रुपये अठरा.
पुन्हा केले म्हणून, रुपये पंचवीस.
ठाण्याचं समन्स.
उभी ज्वारी ढोरांनी चारल्याचा पंचनामा,
ढोरं कुणाची ते त्यात नाही.

मी वाचत गेलो. ती ऐकत होती
पोराचा निकाल ऐकावा तशी.
"गुन्हा नीट लिव्हलाय न्हवं?"
नीट लिहिलाय, म्हणालो.
"एका साली तलाठ्यानं दंडच केला नाही.
पाय धरले त्याचे. म्हणलं, चोर म्हणून लिव्हा,
पर साल लिव्हा."

सगळ्यात खाली एक नक्कल, निजामाच्या वेळची, उर्दूतली.
धारूरच्या मुनीरोद्दीन मास्तरांनी कधीतरी वाचून दिलेली.
बंजर, कब्जेदार सरकार.
"बंजर म्हंजी काय, इचारलं मी. मास्तर म्हणले, वांझ."
सोजरबाई हसली. दात दोनच उरलेत.
"सहा लेकरं वाढली की हिच्यावर."

चुन्याची रेष तिच्या तुरीतून गेली.
तिनं अडवलं नाही.
फक्त म्हणाली, "शेंगावर पाय देऊ नका साहेब,
दोन दिसात भरतेत."

आमच्या नकाशात विहिरीची खूण आहे,
देवळाची आहे, धुऱ्यावरच्या झाडाचीसुद्धा आहे.
हातानं वेचलेल्या दगडांची नाही.
मी उत्तरेला पेन्सिलीनं एक वर्तुळ काढलं.
ऑफिसात साहेबांनी बोट ठेवलं, हे काय?
पोटखराब, म्हणालो.
क्षेत्र?
तीन आर.
त्यांनी सही केली.

तिथं कंपनीचा खांब बसायचा नाही.
बाकीच्या चार एकरांचं
मला विचारू नका.